वायरलेस माऊस सारखा अडकतोय? आधी बघा तो कशाने सुटतो

ऑफिसात वायरलेस माऊस अडकला की उपाय ठरलेले असतात. डोंगल (यूएसबी पोर्टात लावायचा माऊसचा छोटा रिसीव्हर) काढून परत लावायचं, सेल काढून फिरवून बसवायचे, माऊस टेबलावर दोनदा ठोकायचा, आणि नाहीच जमलं तर लॅपटॉप रीस्टार्ट करायचा. यातला एखादा उपाय लागूही पडतो. दोन दिवसांनी पुन्हा तेच. मग नवा माऊस येतो आणि आठवड्याभरात तोही तसाच वागायला लागतो, कारण दोष मुळात माऊसमध्ये नव्हताच.

तात्पुरत्या उपायाने एखादी गोष्ट थोड्या वेळापुरती बदलते आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं. पण कोणत्या उपायाने आराम पडला हे लक्षात ठेवलं, तर अर्धं निदान तिथेच होतं. माऊस डोंगलजवळ नेल्यावर सुटला तर रेडिओचा घोळ आहे. डोंगल काढून लावल्यावर सुटला तर पोर्ट झोपी जातोय, किंवा डोंगल गर्दीच्या फ्रिक्वेन्सीवर अडकलं होतं. सेल नुसते फिरवल्याने सुटला तर सेलला टेकणाऱ्या धातूच्या पत्र्या खराब आहेत. कागदावर ठेवल्यावर सुटला तर टेबलाचा पृष्ठभाग. आणि फक्त रीस्टार्टनेच सुटत असेल तर बहुतेक वेळा माऊसला हात लावायची गरजच नसते.

दोन मिनिटांच्या दोन चाचण्या

पहिली चाचणी वायरवाल्या माऊसची. कुठलाही साधा वायरचा माऊस त्याच मशीनला लावा आणि नेहमीचं काम दहा-पंधरा मिनिटं करा. तोही अडकला तर वायरलेसचा विषय संपला. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर किंवा डिस्क १०० टक्क्यांवर जातेय का ते बघा. रिमोट डेस्कटॉपच्या खिडकीतच अडकत असेल आणि बाहेर नीट चालत असेल तर तो नेटवर्कचा विलंब आहे. आणखी एक कारण हमखास नजरेतून सुटतं: मोठा फोरके मॉनिटर जुन्या एचडीएमआय केबलने किंवा जुन्या डॉकमधून (लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड वगैरे एकत्र जोडणाऱ्या डबीतून) जोडलेला असेल तर तो ३० हर्ट्झवर चालत असू शकतो. एचडीएमआय १.४ वर ३८४० × २१६० एवढं चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं, म्हणजे दोन चित्रांमध्ये ३३ मिलिसेकंदांचं अंतर. कर्सर जड, ओढल्यासारखा वाटतो आणि शिव्या माऊसला पडतात. ‘सेटिंग्ज’मधून ‘सिस्टिम’, ‘डिस्प्ले’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले’ असं जाऊन रीफ्रेश रेट बघा. ६० दिसायला हवा.

दुसरी चाचणी अदलाबदलीची. माऊस आणि त्याचं डोंगल ही जोडी उचलून लांबच्या दुसऱ्या टेबलावर, दुसऱ्या मशीनला लावा. दुखणं जोडीबरोबर गेलं तर माऊस किंवा सेल. जागेवरच राहिलं, म्हणजे दुसऱ्याचा चांगला माऊस इथे आणल्यावर तोही अडकला, तर जागा किंवा मशीन. हे केल्याशिवाय ड्रायव्हर (माऊस चालवणारं सॉफ्टवेअर) उडवून परत टाकण्याच्या फंदात पडू नका. साधा माऊस विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतो आणि तो ड्रायव्हर बिघडणं फार दुर्मीळ.

एकाच रिसीव्हरवर कीबोर्डही चालत असेल तर आणखी सोपं. टाइप करताना अक्षरं गळतायत का, किंवा एकच अक्षर रांगेने उमटतंय का? तसं असेल तर दोष रिसीव्हरच्या बाजूचा. कीबोर्ड ठणठणीत आणि माऊसच लटपटत असेल तर आधी माऊसच तपासा.

अडकणं आणि थरथरणं यात फरक आहे

‘माऊस नीट चालत नाही’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. माऊस फिरवताना कर्सर थबकतो आणि मग एकदम उडी मारून पुढे जातो, हे रेडिओ संदेश गळाल्याचं लक्षण. ऑफिसातला साधा माऊस सेकंदाला साधारण १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी, आपली हालचाल कळवतो. मधले संदेश पोचले नाहीत की साठलेली हालचाल एकदम लागू होते.

माऊस स्थिर असताना कर्सर जागेवर थरथरतो किंवा हळूहळू एका बाजूला सरकतो, हे सेन्सरचं किंवा पृष्ठभागाचं. थोडा वेळ हात न लावता परत आल्यावर दोन-तीन सेकंद मेल्यासारखा पडतो, हे वीजबचतीचं. कर्सर आपलाआपण भलतीकडे पळतो, तर आधी माऊसचा स्विच बंद करा. तरीही पळतोय? मग तो या माऊसचा नाहीच. त्याबद्दल पुढे आहे.

मुख्य आरोपी: डोंगलची जागा

ऑफिसात थबकून उडी मारणारा माऊस दिसला की सगळ्यात आधी डोंगल कुठे लावलंय ते बघायचं. बहुतेक वेळा ते यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कच्या, डॉकच्या किंवा पेनड्राइव्हच्या शेजारी सापडतं, नाहीतर टेबलाखालच्या सीपीयूच्या मागच्या पोर्टात.

यूएसबी ३.० मध्ये डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने धावतो. या वेगामुळे केबल, कनेक्टर आणि त्या डिस्कमधून जो रेडिओ गोंगाट बाहेर पडतो, तो नेमका २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. वायरलेस माऊस, ब्लूटूथ आणि वाय-फाय याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ साली यावर स्वतंत्र टिपण काढलं होतं. यूएसबी ३ ची डिस्क जवळ जोडल्यावर त्या पट्ट्यातला गोंगाट जवळपास २० डेसिबलने, म्हणजे ताकदीत सुमारे १०० पट वाढू शकतो, असं त्यातली मोजमापं दाखवतात. माऊसचा संदेश मुळात क्षीण असतो आणि नखाएवढ्या डोंगलमधला अँटेनाही काही मिलिमीटरचाच. बँडबाजाशेजारी उभं राहून कुजबुज ऐकायचा प्रयत्न केल्यासारखं होतं.

खात्री करून घ्यायची असेल तर हे करा. बाहेरची डिस्क डोंगलच्या शेजारच्या पोर्टात लावा आणि पाच-सहा जीबीची एखादी फाइल कॉपी करायला टाका. कॉपी चालू असताना माऊस सावकाश गोल-गोल फिरवा. कॉपी सुरू झाल्याबरोबर कर्सर तुटक चालायला लागला आणि कॉपी संपल्याबरोबर सुरळीत झाला, तर आणखी पुरावा नको. ‘मोठा बॅकअप चालू असला की माऊस बिघडतो’ या तक्रारीत लोक मशीन स्लो झालं असं समजतात. प्रोसेसर मात्र आरामात असतो.

उपाय स्वस्त आहे. यूएसबी २.० ची एक मीटरची एक्स्टेन्शन केबल घ्या, एका टोकाला पिन आणि दुसऱ्या टोकाला सॉकेट असलेली. तिचं सॉकेटचं टोक टेबलावर माऊसपासून २०-३० सेंटिमीटरवर ठेवा, त्यात डोंगल लावा आणि टोक चिकटपट्टीने टेबलाला किंवा मॉनिटरच्या स्टँडला पक्कं करा. मोकळं सोडलं तर सफाईत ते परत मागे ढकललं जातं. केबल मुद्दाम २.० चीच घ्या. तिच्यात यूएसबी ३ च्या जलद तारा नसतातच, त्यामुळे ती स्वतः गोंगाट करत नाही आणि माऊसला २.० चा वेग भरपूर होतो. डिस्क आणि डॉकची केबल डोंगलपासून हातभर तरी लांब ठेवा.

टेबलाखालच्या सीपीयूत त्रास वेगळा असतो. डोंगल मागे, मध्ये लोखंडी कॅबिनेट, वर बहुधा स्टीलची फ्रेम असलेलं टेबल आणि आड तुमचे पाय. खोक्यावर छापलेले १० मीटर मोकळ्या जागेतले असतात. लोखंडाच्या मागे दीड मीटरवरही संदेश गळतात. पुढच्या पोर्टात डोंगल लावल्याने फरक पडतो, पण खुर्ची सरकवताना ते पायाने मोडण्याची भीती असते. इथेही एक्स्टेन्शन केबलच बरी, फक्त दीड-दोन मीटरची. मॉनिटरच्या मागच्या यूएसबी हबमध्ये डोंगल लावणं वरवर सोयीचं, पण तो हब यूएसबी ३ चा असेल आणि त्यालाच कॅमेरा किंवा डिस्क जोडलेली असेल तर मूळ पदावर याल.

हवेतली गर्दी

एकाच टेबलावर नाही, तर अख्ख्या रांगेत माऊस अडकत असतील, तेही ठरावीक वेळी, तर हवेत गर्दी आहे. माऊसचा हा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढाच. त्यात वाय-फायचे १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल २० मेगाहर्ट्झ रुंदीचे धरले तरी जवळपास सगळी जागा भरते. उरलेल्या फटींत माऊस, कीबोर्ड आणि हेडसेट. चांगली डोंगलं अडथळा आला की फ्रिक्वेन्सी बदलतात. साधी डोंगलं चिवटपणे तिथेच बसतात, म्हणून काढून लावल्यावर काही वेळ बरं वाटतं.

हे काम नेटवर्क बघणाऱ्यांचं. २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला ४० मेगाहर्ट्झ रुंदी दिलेली असेल तर ती २० वर आणायला सांगा. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर वळवले की अर्धी गर्दी आपोआप ओसरते. जेवणाच्या सुट्टीतच त्रास होत असेल आणि टेबल पँट्रीला लागून असेल तर मायक्रोवेव्हकडे बघा. तोही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपासच चालतो.

ब्लूटूथ माऊस असेल तर

यात डोंगल नसतं, त्यामुळे वरचा केबलचा उपाय इथे चालत नाही. बहुतेक लॅपटॉपमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथ एकाच चिपवर असतात आणि बहुधा अँटेनाही वाटून घेतात. वाय-फाय २.४ वर असेल तर दोघे आळीपाळीने बोलतात. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडणं हा इथला पहिला उपाय. कॉलवर असतानाच माऊस रेंगाळत असेल तर ब्लूटूथ हेडसेट हे कारण. आवाजाचा प्रवाह बराचसा वेळ खातो. कॉलपुरता वायरचा हेडसेट लावून बघा. यूएसबी ३ चा गोंगाट ब्लूटूथलाही लागतो, तेव्हा डिस्क लॅपटॉपच्या ज्या बाजूला आहे त्याच्या विरुद्ध बाजूला हलवा.

दोन-तीन मशीनला जोडता येणाऱ्या माऊसच्या पोटाखाली बदलाचं बटण असतं. माऊस उचलताना ते चुकून दाबलं जातं आणि माऊस घरच्या किंवा जुन्या लॅपटॉपचा शोध घेत बसतो. ‘अचानक मेला’ म्हणून आलेल्या तक्रारींत हे बघायलाच हवं. १, २, ३ पैकी कोणता दिवा लागलाय ते पाहिलं की उलगडा होतो.

परत आल्यावर दोन सेकंद मेलेला

थोडी विश्रांती घेऊन पहिल्यांदा हलवल्यावर माऊसला जागं व्हायला क्षणभर लागतो. सेल वाचवण्यासाठी तो तसाच बनवलेला असतो, त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. पण तीन-चार सेकंद लागत असतील किंवा डोंगल काढून लावल्याशिवाय जागाच होत नसेल, तर विंडोज पोर्टची वीज तोडतंय.

डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्स’ खाली जेवढे ‘यूएसबी रूट हब’ दिसतील त्या प्रत्येकाच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ या टॅबवर जा आणि वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी खूण काढा. ब्लूटूथ माऊस असेल तर हेच ब्लूटूथ अ‍ॅडॉप्टरसाठी करा. त्यानंतर कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’च्या प्रगत सेटिंग्जमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ हे ‘डिसेबल्ड’ करा. काही लॅपटॉपवर ही नोंद दिसतच नाही, तिथे पहिल्या पायरीवरच भागवावं लागतं. ऑफिसच्या मशीनवर या जागा कुलूपबंद असतील तर आयटी विभागाकडे तिकीट (तक्रार) टाका आणि तिकिटात नेमकं हेच वाक्य लिहा: अमुक वेळ वापरला नाही की माऊस जागा होत नाही, डोंगल काढून लावल्यावर होतो. ‘माऊस खराब आहे’ असं लिहिलंत तर नवा माऊस येईल आणि दुखणं तिथेच राहील. मोठं अपडेट येऊन गेल्यावर त्रास परतला तर ही खूण पुन्हा लागली आहे का ते आधी बघा.

सेल

सेलमुळे माऊस एकदम बंद पडतो असं लोकांना वाटतं. तो आधी अडखळतो. संदेश पाठवताना क्षणभर जास्त करंट लागतो आणि दमलेल्या सेलचा व्होल्टेज त्या क्षणी खाली बसतो. साध्या स्वस्त कार्बन-झिंक सेलमध्ये हे लवकर होतं, म्हणून माऊसला अल्कलाइन पेन्सिल सेल घालावा. नवा अल्कलाइन सेल मल्टिमीटरवर साधारण १.५ ते १.६ व्होल्ट दाखवतो, १.२ च्या खाली गेला की बदला. दोन सेलचा माऊस असेल तर दोन्ही एकदम बदला. नेहमीचे रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचेच असतात, त्यामुळे पूर्ण चार्ज असतानाही सॉफ्टवेअर ‘बॅटरी कमी’ म्हणून ओरडतं. माऊस नीट चालतोय तोवर त्याकडे दुर्लक्ष करा.

नवे सेल नेहमीपेक्षा फार लवकर संपत असतील तर ते डोंगल लांब असल्याचंही लक्षण असतं. न पोचलेला संदेश माऊस पुन्हा पुन्हा पाठवतो आणि सेल त्यातच खर्ची पडतो.

सेल फिरवल्याने किंवा माऊस ठोकल्याने सुटणारा माऊस उघडून पत्र्या बघा. पांढरट-हिरवट खर दिसली तर सेल गळलाय. अल्कलाइन सेलमधून गळतं ते अल्कली असतं. सेल काढा, कापसाच्या काडीला व्हिनेगरचा एखादा थेंब लावून खर पुसा, मग दुसऱ्या काडीने आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. हात धुवायला विसरू नका. दबलेली स्प्रिंग चिमट्याने मिलिमीटरभर बाहेर ओढली की सेल पुन्हा घट्ट बसतो.

थरथरणारा कर्सर

माऊसच्या पोटातला सेन्सर हा छोटा कॅमेरा आहे. तो सेकंदाला हजारो वेळा पृष्ठभागाचे फोटो घेतो आणि एकापुढे एक लावून किती सरकलो ते ठरवतो. काच, चकचकीत लॅमिनेट किंवा एकसारखी बारीक नक्षी छापलेला माऊसपॅड यांवर त्याला फरकच दिसत नाही. टेबलावर साधा पांढरा कोरा कागद ठेवून त्यावर माऊस चालवा. कागदावर सुरळीत चालला तर नवा माऊस नको, साधा एकरंगी कापडी पॅड आणा.

कागदावरही थरथरला तर माऊस उलटा करा. सेन्सरच्या भोकात एखादा केस किंवा कापसाचा धागा आडवा पडलेला असतो, आणि तो माऊस तिरपा धरून उजेडात पाहिल्याशिवाय दिसत नाही. हवेच्या पंपाने उडवा. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे कण भिंगावर बसतात. ऑफिसच्या मालमत्तेचा स्टिकर पोटावर चिकटवलेला असेल तर त्याची उचकटलेली कड भोकात डोकावत नाही ना तेही बघा. खालच्या गुळगुळीत पट्ट्यांपैकी एखादी निघून गेली की माऊस तिरपा बसतो आणि सेन्सरचं अंतर बदलतं. अशा वेळी कर्सर एकाच दिशेला नीट चालतो.

स्वतःहून पळणारा कर्सर

माऊस बंद केला तरी कर्सर हलतोय, तर लॅपटॉपचा टचपॅड पहिला संशयित. टाइप करताना तळवा टेकतो. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘टचपॅड’ खाली माऊस जोडलेला असताना टचपॅड चालू ठेवायची खूण काढा. नंतर डॉकमध्ये आणि सीपीयूच्या मागे दुसरं डोंगल राहिलंय का ते शोधा. त्याचा माऊस शेजारच्या ड्रॉवरमध्ये चालू अवस्थेत पडलेला असतो आणि ड्रॉवर ओढला की तुमचा कर्सर पळतो.

डोंगलांच्या अदलाबदलीचाही घोळ होतो. सारखी दिसणारी दोन डोंगलं आपापल्या माऊसलाच ओळखतात. लॉजिटेकचं नारिंगी खुणेचं युनिफाइंग डोंगल सहा उपकरणं सांभाळतं, पण २०२१ मध्ये आलेल्या लॉजिटेकच्याच ‘बोल्ट’ या नव्या पद्धतीच्या माऊसशी ते बोलत नाही. डोंगलवर आणि माऊसवर मार्करने एकच आकडा लिहून ठेवा.

एक क्लिक केल्यावर दोन पडत असतील, किंवा फाइल ओढताना मध्येच सुटत असेल, तर बटणाखालचा मायक्रोस्विच झिजलाय. सेल, डोंगल, ड्रायव्हर काहीही बदलून उपयोग नाही. वॉरंटी असेल तर बदलून घ्या. तो माऊस परत करताना किंवा कपाटात टाकताना स्विच बंद करा, सेल काढा आणि डोंगल पोर्टातून काढून त्याच्या पोटातल्या खाचेत बसवा.